जुनी मॅच एअर रायफल विकत घेण्याआधी काय तपासावे?

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याच्या एका पालकांची १४ वर्षांची मुलगी वर्षभर क्लबच्या रायफलवर १० मीटर एअर रायफल शिकते आहे. आता तिला स्वतःची रायफल हवी आहे, पण नवी परवडत नाही. ओळखीतून दोन जुन्या रायफली विकायला आल्या आहेत, एक फाइनवर्कबाऊ ६०३ आणि दुसरी वॉल्थर एलजी ३००. दोन्हींची मागितलेली किंमत जवळपास सारखीच आहे. कोणती घ्यावी आणि पैसे देण्याआधी काय काय बघावे?

आधी माझे मत सांगतो. एलजी ३००चा हवेचा सिलिंडर मुदतीत असेल (किंवा मुदतीतला दुसरा नक्की मिळणार असेल) आणि सिलिंडर भरायची सोय तुमच्या रेंजवर असेल, तर एलजी ३०० घ्या. यातली एकही गोष्ट कमी पडत असेल तर ६०३चा विचार करा. आणि कोणतीही घ्या, पण बॅरलमध्ये डोकावून रायफलची पारख करू नका. जुन्या एअर रायफलीत दुखणे असते ते बहुतेक वेळा हवेच्या यंत्रणेत.

बॅरलबद्दल एवढ्या खात्रीने का बोलतो, तर १० मीटरच्या रायफलीतून साधारण अर्ध्या ग्रॅमची शिशाची पेलेट सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने बाहेर पडते. ऊर्जा साडेसात-आठ ज्यूल. दारू जळत नाही, गरम वायू नाही, पेलेट मऊ शिशाची. अशा वापराने पोलादी बॅरल झिजतच नाही म्हटले तरी चालेल. वर्षानुवर्षे रोज सराव झालेल्या रायफली आजही नव्यासारखा ग्रुप (म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या शॉट्सचा घोळका) देताना मी पाहतो. बॅरल बिघडते ते तीन कारणांनी: गंज, चुकीची साफसफाई आणि तोंडाला लागलेला मार. पावसाळ्यात फोमच्या केसमध्ये महिनोन् महिने बंद ठेवलेली रायफल, विशेषतः मुंबई-कोकणातली, गंजाच्या दृष्टीने जरूर बघा. साफ कशाने करता हे विक्रेत्याला सहज विचारा. फेल्टच्या पेलेट्स किंवा मऊ दोरी म्हणाला तर ठीक. लोखंडी गज म्हणाला तर सावध व्हा. तोंडाची तपासणी अगदी सोपी आहे. कानात घालायची कापसाची काडी घ्या आणि बॅरलच्या तोंडाच्या कडेवर आतल्या बाजूने हलकेच गोल फिरवा. कुठे कापसाचा तंतू अडकून राहिला तर तिथे कड उठलेली आहे. अडकला नाही तर बॅरलचा विषय तात्पुरता संपला, बाकीचे कागदी टार्गेटवर मारल्यावर कळेल. (हे करताना बोल्ट, म्हणजे पेलेट भरायची जागा, उघडलेला आणि रायफल रिकामी असल्याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी केलेली हवी, विक्रेत्याच्या शब्दावर नाही.)

आता हवेकडे येऊ. या दोन रायफली दोन वेगळ्या पिढ्यांच्या आहेत. ६०३मध्ये सिलिंडर नसतो. बाजूचा लिव्हर प्रत्येक शॉटला एकदा पूर्ण फिरवायचा, त्या एका फेऱ्यात लागेल तेवढी हवा दाबली जाते आणि तीच त्या शॉटला वापरली जाते. एलजी ३००मध्ये बॅरलखाली २०० बारचा सिलिंडर असतो. त्यातली हवा रेग्युलेटरमधून ठरावीक कमी दाबावर येते आणि प्रत्येक शॉटला मोजून तेवढीच सुटते.

एलजी ३००मध्ये सगळ्यात आधी सिलिंडर हातात घ्या. तो फिरवून रायफलपासून सुटा करता येतो. त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष कोरलेले असते. सिलिंडरला कंपनीने ठरवून दिलेली मुदत असते, काहींना १० वर्षे, काहींना २०. तुमच्यासमोरच्या सिलिंडरची मुदत किती हे त्यावरच्या खुणांवरून आणि रायफलच्या पुस्तिकेवरून ठरवा, ऐकीव माहितीवरून नाही. एलजी ३०० हे आता जुने मॉडेल आहे, त्याच्यानंतर एलजी ४०० येऊनही बरीच वर्षे झाली. त्यामुळे सिलिंडर मूळचाच असेल तर मुदत उलटून गेलेली असण्याची शक्यता दाट आहे. मुदतबाह्य सिलिंडर 'अजून चालतो की' म्हणून घेऊ नका. २०० बार म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपट दाब, आणि तो सिलिंडर तुमच्या मुलीच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असणार आहे. शिवाय आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार सिलिंडर मुदतीत ठेवण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. स्पर्धेच्या सकाळी उपकरण तपासणीत तो अडकला तर कोणीही मदतीला येत नाही. म्हणून मुदत संपलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत, तो येईपर्यंतचा काळ आणि तो नक्की मिळेल का, हे तिन्ही आधी विचारून घ्या आणि ती रक्कम मागितलेल्या किमतीतून वजा करूनच बोला.

मुदत ठीक असेल तर गळती बघायची. सिलिंडर २०० बारपर्यंत भरा, गरम झालेला सिलिंडर तासभर निवू द्या आणि मग त्याच्या दाबाच्या काट्याचा फोटो काढा. पहिल्या रात्री तो रायफलला लावून ठेवा, दुसऱ्या रात्री सुटा. दोन्ही सकाळी काटा हलला नसेल तर छान. रायफलला लावल्यावर उतरतो पण सुटा असताना जागेवर राहतो, तर गळती रायफलमध्ये आहे, बहुधा ओ-रिंग किंवा व्हॉल्व्हची सील. ते काम स्वस्तातले आहे आणि कोणताही अनुभवी आर्मरर (रायफली दुरुस्त करणारा) करून देतो. सुटा असतानाही उतरत असेल तर दोष सिलिंडरच्याच व्हॉल्व्हमध्ये आहे. विक्रेता दोन रात्रींसाठी रायफल देत नसेल तर निदान एक रात्र रेंजवर ठेवू द्यायला सांगा. ज्याला आपल्या रायफलीची खात्री असते तो याला नाही म्हणत नाही. आणखी एक, ओ-रिंगला कोणी साधे मशीनचे तेल किंवा ग्रीस लावले आहे का ते बघा. उच्च दाबाच्या हवेत पेट्रोलियमचे तेल पेट घेऊ शकते. तिथे फक्त सिलिकॉन ग्रीस चालते. भरायच्या तोंडाशी चिकट काळे तेल दिसले तर त्या माणसाने बाकीची देखभालही अशीच केली असणार असे समजा.

रेग्युलेटरची परीक्षा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण हा दोष दुकानात किंवा कोणाच्या घरी रायफल बघताना कधीच दिसत नाही. त्यासाठी क्रोनोग्राफ हवा, म्हणजे पेलेटचा वेग मोजायचे यंत्र. ते बऱ्याच रेंजवर असते. एकाच डब्यातल्या पेलेट्सनी सलग दहा शॉट मारा आणि वेग लिहून काढा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगात सेकंदाला दोन-तीन मीटरपर्यंत फरक असेल तर रायफल उत्तम आहे. पाच-सहाच्या पुढे गेला तर काहीतरी बिघडले आहे. मग रायफल भरलेल्या सिलिंडरसह, काही न करता दहा मिनिटे बाजूला ठेवा. दहा मिनिटांनी पुन्हा पाच शॉट. पहिल्याच शॉटचा वेग एकदम वर आणि दुसऱ्यापासून पुन्हा नेहमीसारखा आला, तर नीट बंद न होणाऱ्या नळासारखी रेग्युलेटरमधून हवा हळूहळू पुढे झिरपते आहे आणि पुढच्या बाजूचा दाब चढतो आहे. सरावात मुलगी पटापट मारत असते तेव्हा हे जाणवत नाही. स्पर्धेत ती एका शॉटआधी दोन मिनिटे थांबते, श्वास स्थिर करते, आणि तोच शॉट वर जातो. मग सगळे तिच्या तंत्रात चूक शोधत बसतात. एखाद्या मुलीने कष्टाने मिळवलेला विश्वास एका झिजलेल्या सीलमुळे ढासळावा, हे मला फार वाईट वाटते. रेग्युलेटर दुरुस्त होतो, पण तो खर्च विक्रेत्याच्या बाजूचा आहे. शेवटी सिलिंडर गेजच्या खालच्या मर्यादेजवळ येईपर्यंत मारून तिथलाही वेग बघा. मर्यादेच्या वर असतानाच वेग घसरायला लागला तर तेही रेग्युलेटरचेच लक्षण.

६०३मध्ये रेग्युलेटर नाही, सिलिंडर नाही, मुदत नाही, भरायची कटकट नाही. म्हणूनच तालुक्याच्या गावात, जिथे भरायला दोन तास प्रवास करावा लागतो, तिथे ही रायफल अजून मानाने वापरली जाते. हिची परीक्षा अशी: लिव्हर फिरवताना दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा वाढत गेला पाहिजे. मध्येच सैल पडला तर पंपाची सील गेली आहे. क्रोनोग्राफवर दहा शॉट लगेच मारा, मग दोन-तीन शॉट हवा दाबल्यावर मिनिटभर थांबून मारा. थांबल्यावर वेग स्पष्ट कमी आला तर व्हॉल्व्ह हवा धरून ठेवत नाही. सीलचा संच नव्याने बसवला की ही रायफल पुन्हा वर्षानुवर्षे चालते, त्यामुळे एवढ्या कारणासाठी तिला नाकारू नका. मात्र संच मिळतो का आणि बसवणारा कोण, हे आधी ठरवा. लिव्हरच्या सांध्याच्या पिना हलतात का तेही हाताने हलवून बघा.

६०३ची खरी अडचण वेगळीच आहे. पात्रता फेरीत ६० शॉट असतात आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्यासाठी ७५ मिनिटे मिळतात, त्याआधी तयारी आणि सरावाच्या शॉट्सची १५ मिनिटे. मुलींनाही २०१८पासून ४०ऐवजी ६० शॉट झाले. म्हणजे सरावाचे धरून ७०-८० वेळा तो लिव्हर ओढायचा. मोठ्या माणसाला काही वाटत नाही. जाड जॅकेट घातलेल्या १४ वर्षांच्या मुलीच्या खांद्याला चाळिसाव्या शॉटनंतर ते जाणवते. ती उंचीने आणि ताकदीने कशी आहे हे तुम्हालाच माहीत.

आता कागदावरचा निकाल. रायफल हाताने नाही, क्लॅम्पमध्ये घट्ट धरून १० मीटरवर दहा शॉटचा ग्रुप काढायचा. निदान तीन वेगवेगळ्या पेलेट्स न्या, उदाहरणार्थ आरडब्ल्यूएस आर १०, एच अँड एन फिनाले मॅच आणि जेएसबी, आणि जमल्यास ४.४९ आणि ४.५० अशा दोन मापांत. प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते. एका पेलेटने ग्रुप पसरला म्हणून रायफल वाईट ठरत नाही. भोकांच्या बाहेरच्या कडांपासून मोजून ग्रुप ७ मिमीच्या आत आला तर ती रायफल राज्य पातळीपर्यंत तुमच्या मुलीला कधीच कमी पडणार नाही. हिशेब करून बघा. भोक साडेचार मिमीचे, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत पसारा अडीच मिमी, आणि केंद्रापासून सगळ्यात लांबचा शॉट सव्वा मिमीवर. १० मीटरच्या टार्गेटवर प्रत्येक दशांश गुण पाव मिमीचा असतो, त्यामुळे सव्वा मिमीवरचा शॉटही १०.५ देतो. यापेक्षा खाली जाणारे गुण रायफलचे नाहीत. तिन्ही पेलेट्सनी ग्रुप ८-९ मिमीच्या पुढे गेला तर आधी बॅरल धरणारे स्क्रू आणि स्टॉकचे बोल्ट योग्य ताणाने कसले आहेत का ते बघायला सांगा आणि पुन्हा मारा. दहापैकी नऊ वेळा कारण तिथेच सापडते. तरीही सुधारला नाही तर ती रायफल सोडून द्या. नवी असताना कंपनीने काढलेला टेस्ट कार्ड, त्यावर रायफलचा अनुक्रमांक असलेला, विक्रेत्याकडे असेल तर जरूर मागा. तुमचा आजचा ग्रुप त्याच्या शेजारी ठेवून बघता येतो.

मागचा डायॉप्टर, म्हणजे डोळ्याजवळची बारीक भोकाची साइट, स्वतंत्र तपासा, कारण तो गहाळ असेल किंवा बिघडला असेल तर नवा घ्यायला बराच खर्च येतो. क्लॅम्पमधेच रायफल ठेवून एक शॉट मारा. मग २० क्लिक वर आणि एक शॉट, २० क्लिक उजवीकडे आणि एक शॉट, २० खाली, २० डावीकडे. शेवटचा शॉट पहिल्याच्या भोकात पडला पाहिजे आणि चारही कोपऱ्यांचा चौकोन सरळ दिसला पाहिजे. चौकोन तिरका आला किंवा शेवटचा शॉट परत आला नाही तर आतले स्क्रू झिजले आहेत. पुढच्या साइटच्या रिंगा सोबत आहेत ना, आणि त्या कोणत्या मापाच्या आहेत, तेही विचारा.

ट्रिगरचे थोडक्यात. दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा संपल्यावर जी भिंत जाणवते ती प्रत्येक वेळी त्याच जागी आली पाहिजे. रिकामी रायफल कॉक करून बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) तळहाताने दोन-तीनदा ठोका. सुटली तर ट्रिगर धोकादायक हलका केलेला आहे. तो पुन्हा कंपनीच्या मूळ मापावर बसवता येतो, पण तो आर्मररनेच बसवावा.

आणि मग ती मुलीला बसते का? यासाठी तिला सोबत न्याच. जुन्या रायफलीचा स्टॉक बऱ्याचदा पूर्ण वाढ झालेल्या पुरुषाच्या मापाचा असतो. बट प्लेट सगळ्यात आत घेऊनही तिचा डोळा डायॉप्टरच्या फार मागे राहत असेल, मान पुढे ताणावी लागत असेल, तर दोन वर्षांत तिच्या पाठीला त्याची किंमत मोजावी लागेल. चीक पीस तिच्या गालापर्यंत येतो का, पिस्तूल ग्रिपवर बोट ट्रिगरपर्यंत सहज पोचते का, ग्रिप उजव्या हाताचीच आहे ना, हे सगळे जॅकेट घालून बघा. वजनाची वरची मर्यादा साडेपाच किलो आहे, पण १४ वर्षांच्या मुलीला त्याच्या आसपासची रायफल कशाला? काढता येणारी वजने काढून बघा. अॅल्युमिनियमच्या स्टॉकमध्ये प्रत्येक स्क्रू एकदा सैल करून परत कसा. वारंवार समायोजन करून धागे बिघडलेले असतात आणि हे विक्रेता कधी सांगत नाही. लाकडी स्टॉक असेल तर बोल्टच्या भोकांभोवती केसासारखी भेग आहे का ते उजेडात तिरके धरून बघा.

कागदपत्रे. शस्त्र नियम २०१६नुसार ४.५ मिमी बोअरपर्यंतची आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेली एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. १० मीटरची रायफल या मर्यादेच्या खूप आत आहे. तरीही अनुक्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेली विक्रीची पावती करून घ्याच, सोबत विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि मूळ बिल. रेल्वेने किंवा विमानाने स्पर्धेला जाताना याच कागदांवर प्रश्न सुटतात. आणि रायफल पूर्वी खेळाडूच्या सवलतीत आयात झाली असेल तर पुढच्या विक्रीबद्दलच्या अटी पूर्ण झाल्याचे लेखी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

२०२४ला राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकले आणि तेव्हापासून माझ्याकडे जुन्या रायफलींची चौकशी करणारे पालक खूप वाढले. त्याबरोबर जुन्या रायफलींच्या मागितलेल्या किमतीही चढल्या. म्हणून किंमत ठरवायची माझी पद्धत सांगतो. नवीन चांगली आयात रायफल आज दोन-तीन लाखांच्या घरात जाते. जुन्या रायफलीला ती पूर्णपणे स्पर्धेच्या लायक स्थितीत किती पडेल तेवढी किंमत आधी मनात धरा. त्यातून सिलिंडर, सील, गहाळ डायॉप्टर, तुटका चीक पीस आणि आर्मररची मजुरी, हे सगळे एकेक करून वजा करा. उरलेला आकडा हा तुमचा देकार. विक्रेता नाराज होईल, पण तुम्ही मोजमापांसह बोलत असाल तर बरेच जण खाली येतात. जुन्या स्प्रिंगच्या मॅच रायफलींबद्दलही कोणीतरी तुम्हाला सांगेल. फाइनवर्कबाऊ ३००एस ही अप्रतिम यंत्रणा आहे, मला मनापासून आवडते. पण तुमच्या मुलीला स्पर्धेत उतरायचे आहे, तिच्यासाठी ती नको. डियाना ७५च्या तर पिस्टनच्या जुन्या सील वयाने भुगा होऊन गेलेल्या असतात.

दोन्ही रायफली पसंत पडल्या आणि तरीही निर्णय होत नसेल तर एका शनिवारी दोन्ही रेंजवर आणा. मुलीला तिच्या स्वतःच्या जॅकेटमध्ये प्रत्येक रायफलवर पूर्ण ६० शॉट मारू द्या, मध्ये चांगली विश्रांती देऊन, जमल्यास दोन वेगळ्या दिवशी. एकूण गुण बघू नका. दहा-दहा शॉटच्या सहा मालिका वेगळ्या मांडा आणि पहिल्या दोनची शेवटच्या दोनशी तुलना करा. ६०३वर शेवटच्या दोन मालिका ठळकपणे खाली आल्या आणि एलजीवर नाही आल्या, तर लिव्हर तिला आज जड जातो आहे. मग सिलिंडरचा खर्च धरूनही एलजीच घ्या.